१५६५ : माल्टाचा तट, सोलापूरची पेठ आणि पाण्याचा हिशेब

१/ इसवी सन १५६५. जानेवारीच्या २३ तारखेला कृष्णेच्या खोऱ्यात, ज्याला आपण तालिकोटची लढाई म्हणतो त्या लढाईत विजयनगरचा रामराया मारला गेला आणि त्या काळातील एक अत्यंत संपन्न राजधानी अल्पावधीत ओस पडली. त्याच वर्षी मे महिन्यात ऑटोमन तुर्कांचे प्रचंड आरमार भूमध्य समुद्रातील माल्टा या चिमुकल्या बेटापुढे येऊन उभे राहिले. चार महिन्यांच्या वेढ्यानंतर ते परत फिरले. एक तटबंद नगर गेले, दुसरे तगले. या दोन घटनांना जोडणारे धागे आपल्या सोलापूर परिसरातून जातात, हे सहसा कोणी सांगत नाही. म्हणून हा लांबलेला धागा.

२/ मी राहतो कुंभारीला. सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, दक्षिण सोलापूर तालुक्यातील हे गाव. इथून दिवसभरात जाऊन परत येता येईल अशा टापूत सोलापूर, नळदुर्ग, परंडा हे भुईकोट आहेत. थोडे दूर गेले की विजापूर आणि गुलबर्गा. माल्टा मी नकाशांत आणि ग्रंथांत पाहिला आहे. हे किल्ले मात्र एस.टी.ने, पायी आणि बहुतेक वेळा आईला सोबत घेऊन पाहिले. आमच्या घरची बोली तेलुगू, त्यामुळे पुढे जिथे 'अम्मा' येईल ती माझी आई. तिचा एक प्रश्न या सगळ्या लेखनाच्या मुळाशी आहे.

३/ आधी माल्टा. सगळा द्वीपसमूह मिळून क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर; म्हणजे मुंबईच्या निम्म्याहून थोडे अधिक. बारमाही नदी एकही नाही. १५२२ च्या वेढ्यानंतर ऱ्होड्स बेट गमावलेल्या 'सेंट जॉन'च्या लढवय्या धर्मसंघाला सम्राट पाचव्या चार्ल्सने १५३० मध्ये हे बेट दिले. बेटाच्या मध्यभागी टेकडीवर म्दीना ही जुनी तटबंद राजधानी होती. संघाने मात्र बंदरालगतच्या बिर्गू गावात ठाण मांडले, कारण त्यांचे बळ आरमारात होते. १५६५ चा मारा म्हणूनच बंदराभोवती एकवटला. सेंट एल्मोचा किल्ला जवळजवळ महिनाभर झुंजून २३ जूनला पडला; बिर्गू मात्र सप्टेंबरपर्यंत टिकले.

४/ आता दख्खन. तालिकोटला अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा आणि बीदर यांची एकत्रित फौज होती. अहमदनगरच्या तोफखान्याचा प्रमुख होता चलबी रूमीखान. 'रूम' म्हणजे पूर्वेकडील रोमन साम्राज्याची, पुढे ऑटोमनांच्या ताब्यात गेलेली भूमी. तिथून आलेला तो 'रूमी'. त्याने युरोपात नाव कमावले होते, असे फिरिश्ता लिहितो. ऐन रणात त्याने तोफांमध्ये तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या ठासून अगदी जवळून डागल्या, हेही फिरिश्त्यानेच नोंदवले आहे. थोडक्यात, माल्टाचे तट ज्या विद्येने फोडले जात होते, तीच विद्या त्याच वर्षी कृष्णेच्या खोऱ्यात वापरली जात होती.

५/ त्या विद्येचा सर्वांत वजनदार पुरावा आज विजापूरच्या तटावर आहे : मलिक-ए-मैदान ही तोफ. लांबी सुमारे साडेचार मीटर, वजन अंदाजे ५५ टन. तोंडाशी जबडा वासलेला सिंह आणि त्याच्या दाढेत हत्ती. ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली आणि ओतणाऱ्याचे नाव तोफेवरच कोरलेले आहे : महंमद बिन हसन रूमी. पुन्हा तोच 'रूमी'. पुढे ही तोफ परंड्याच्या किल्ल्यात होती; १६३२ मध्ये ती तिथून विजापूरला नेण्यात आली.

६/ परंड्याला मी पहिल्यांदा गेलो तो ही तोफ जिथून गेली ती जागा पाहायला. बार्शी ओलांडून पुढे गेल्यावर सपाट माळावर अचानक खंदक आणि दुहेरी तट समोर येतो. बांधणीचे श्रेय बहमनी वजीर महमूद गवानला दिले जाते. तो इराणच्या गिलानचा, म्हणजे इथेही दूरदेशीचे ज्ञान आलेच. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतल्यानंतर निजामशाहीची गादी काही काळ इथे होती. बुरुजांवर आजही तोफा आहेत. अम्मा त्या तोफांकडे फारशी फिरकली नाही. खाली विहिरीच्या काठाशी वाकून ती पाणी किती खोल आहे ते पाहत राहिली.

७/ तालिकोटच्या आधी विजापूर आणि अहमदनगर हे एकमेकांचे हाडवैरी होते, आणि त्यांच्या वैराचे एक मोठे कारण होते सोलापूर. १५२४ मध्ये विजापूरची बीबी मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली, तेव्हा हुंड्यात सोलापूर द्यायचे ठरले होते. ते दिले गेले नाही आणि त्यापायी पुढे अनेक वर्षे युद्धे झाली. मग विजयनगरविरुद्ध एकजूट करायची म्हणून अहमदनगरची चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली गेली. या खेपेला सोलापूरचा किल्ला खरोखरच हुंडा म्हणून गेला. एकच किल्ला दोन लग्नांत, दोन उलट दिशांना! हे ऐकून अम्मा म्हणाली, "आमच्या वेळी नुसत्या भांड्यांवरून वरात अडायची."

८/ त्या चांदबीबीचे पुढचे आयुष्य आपण शाळेत शिकलो आहोत. १५९५ च्या अखेरीस मोगलांनी अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा घातला, सुरुंग लावून तटाला भगदाड पाडले. ती स्वतः भगदाडापाशी उभी राहिली आणि रातोरात ते बुजवून घेतले. वऱ्हाड देऊन तह झाला, पण किल्ला त्या वेळी वाचला. माल्टाच्या वेढ्यातही पडका तट सावरायला, शत्रूवर दगड आणि उकळते डांबर टाकायला गावातील बायका-मुले पुढे होती. वेढ्यांच्या कथांत सेनापतींची नावे राहतात. बुजवणाऱ्या हातांची राहत नाहीत. दोन्हीकडे ही रीत सारखीच.

९/ आता जरा बांधकामाकडे. तोफ आली आणि उंच, सरळ भिंत निरुपयोगी ठरू लागली. भूमध्य प्रदेशातील इटालियन स्थपतींनी यावर कोनदार बुरुजाचा उपाय काढला. गोल बुरुजाच्या पायथ्याशी एक आंधळा कोपरा राहतो. तिथे शिरलेला शत्रू शेजारच्या बुरुजावरून टिपता येत नाही. बुरुजाला बाणाच्या अग्रासारखा आकार दिला की तो कोपरा नाहीसा होतो. ही रचना महाराष्ट्रात पाहायची असेल तर वसईला जावे. पोर्तुगीजांचे ते तटबंद नगरच होते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने ते घेतले ते सुरुंगांनी तट उडवून. असा बुरुज शिड्या लावून सहजी पडत नाही.

१०/ दख्खनने वेगळा मार्ग धरला. आपले बुरुज बहुतांशी गोलच राहिले. पण तट दुहेरी झाले, खंदक रुंदावले, आणि दूरवर मारा करता यावा म्हणून आत उंच तोफमंच उभे राहिले. नळदुर्गचा उपळ्या बुरुज हा त्याचा देखणा नमुना. पायऱ्या चढून वर गेले की आजूबाजूचा सगळा मुलूख तळहातावर ठेवल्यासारखा दिसतो. तोफा आजही वर आहेत. या फरकाला मागासलेपण म्हणण्याचे कारण नाही. इथला दगड कठीण काळा बेसाल्ट, माल्टाचा मऊ, पिवळसर चुनखडीचा. दगड निराळा, शत्रूची चाल निराळी, म्हणून उत्तरही निराळे.

११/ मात्र एक फरक मला अधिक खोल वाटतो. म्दीना, बिर्गू, पुढची व्हॅलेटा ही तटाच्या आत वसलेली गावे आहेत. लोहार, नावाडी, पाववाले, सगळे एका तटात. वेढा पडला तेव्हा खेड्यांतील लोकही जमेल तसे आत आले. आपल्या भुईकोटात दगडी तट प्रामुख्याने किल्लेदार, शिबंदी, कोठार आणि दारूगोळ्यासाठी. विणकर, व्यापारी, कारागीर राहत ते बाहेर, पेठेत. मे १८१८ मध्ये थॉमस मन्रोची फौज सोलापूरवर आली तेव्हा तिने १० तारखेला आधी पेठ घेतली, शिड्या लावून. किल्ला पाच दिवसांनी, १५ तारखेला शरण आला. पहिला घाव पेठेवर बसला.

१२/ आता अम्माचा प्रश्न. ती सोलापूरच्या पूर्व भागात वाढली, विड्या वळून तिने घर चालवले. सोलापुरात पाणी रोज येत नाही. किती दिवसांनी येणार याचे गणित घरातल्या बाईने डोक्यात ठेवायचे असते. हंडे, घागरी, पिंपे, भांड्यांची उतरंड, सारे त्या दिवसासाठी. त्यामुळे कोणत्याही किल्ल्यात शिरताना ती मला एकच गोष्ट विचारते, तेलुगूत. मराठीत तिचा अर्थ असा : "एवढी माणसे आत कोंडून घेतली, मग त्यांना पाणी कुठून?" इतिहासाच्या पुस्तकांत तटाची जाडी मिळते, बुरुजांची संख्या मिळते. या प्रश्नाचे उत्तर मिळवायला थोडे अधिक शोधावे लागते.

१३/ हाच प्रश्न १५६५ मध्ये माल्टात जीवनमरणाचा होता. वेढा पडण्यापूर्वी संघाने शेतातले धान्य आणि गुरे तटाच्या आत आणली, टाकी भरून घेतली आणि शत्रूचा तळ जिथे पडणार त्या मार्सा भागातील विहिरी नासवून ठेवल्या. ऐन उन्हाळ्यात तुर्की छावणीत हगवण आणि ताप पसरला. तोफांइतकीच माणसे रोगाने गारद केली. युद्धात विहीर नासवणे हे नवे नव्हते. पण त्या कृतीकडे दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे : आतल्यांचे पाणी जपण्यासाठी बाहेरचे पाणी विष केले गेले, आणि ते झरे पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या शेतकऱ्यांचे होते.

१४/ वेढा उठल्यावर २८ मार्च १५६६ रोजी नव्या नगराची कोनशिला बसवली गेली. संघप्रमुख व्हॅलेट याच्या नावावरून ते व्हॅलेटा. आराखडा फ्रान्चेस्को लापारेल्ली या इटालियन अभियंत्याचा : एकमेकांना काटकोनात छेदणारे सरळ रस्ते. पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो तिथला बांधकामाचा नियम. प्रत्येक घराखाली पावसाचे पाणी साठवण्याचे टाके असलेच पाहिजे. खडक घंटेच्या आकारात खोदायचा, निघालेला दगड त्याच घराच्या भिंतींना लावायचा, आणि गच्चीवर पडणारा थेंब न् थेंब खाली उतरवायचा. तट राज्याचा, टाके घराचे. दोन्ही मिळून नगर.

१५/ तरीही ते पुरेना. मग संघप्रमुख अलोफ दे विन्याकूर याने १६१० मध्ये जलवाहिनीचे काम हाती घेतले. पश्चिमेकडील उंचावरच्या झऱ्यांचे पाणी सुमारे पंधरा किलोमीटर, कुठे जमिनीखालून तर कुठे दगडी कमानींवरून, निव्वळ उताराच्या बळावर व्हॅलेटापर्यंत आणले. काम १६१५ च्या एप्रिलमध्ये पुरे झाले आणि नगराच्या चौकात कारंजे उडाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ही वाहिनी चालू होती. आता या सालाशेजारी आपल्याकडचे एक साल ठेवून पाहा.

१६/ १६१३. नळदुर्गच्या पाणीमहालातील शिलालेखाचे हे वर्ष. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, सोलापूरपासून पंचेचाळीसेक किलोमीटर. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात मीर महंमद इमादीन याने बोरी नदीवर किल्ला आणि समोरचा रणमंडळ यांना जोडणारा धरणवजा बंधारा बांधला. त्याने तीन कामे एकदम साधली. नदी अडवून तटाला पाण्याचे संरक्षण मिळाले, पलीकडे जाण्याची वाट झाली, आणि साठलेले पाणी आजूबाजूच्या खडकात मुरत राहिले. व्हॅलेटाची जलवाहिनी आणि नळदुर्गचा बंधारा एकमेकांपासून हजारो किलोमीटरांवर, पण अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने पूर्ण झाले.

१७/ बंधाऱ्याच्या पोटात मजल्यांवर दालने आहेत. पावसाळ्यात नदी भरली की पाणी दोन सांडव्यांवरून खाली कोसळते. त्यांना लोक नर आणि मादी म्हणतात. आतल्या गवाक्षात उभे राहिले की डोळ्यांसमोर पाण्याचा पडदा, कानांत गर्जना, आणि अंगावर मात्र थेंब नाही. आम्ही भरल्या नदीत गेलो होतो. अम्मा गवाक्षाच्या कठड्याला हात टेकून बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "हे राजाने बघायला बांधले की प्यायला?" मी म्हटले, दोन्हीसाठी. ती म्हणाली, "बघायचे राजाला दिसते. प्यायचे कुणाला मिळत होते ते सांग." या प्रश्नाचे उत्तर शिलालेखात नाही.

१८/ उत्तराचा काही भाग दख्खनच्या इतर शहरांत सापडतो. अहमदनगर आणि विजापूरला दुरून पाणी आणले गेले ते बरेचसे खापरी नळांतून. हे नळ कुंभारांनी घडवले, भट्टीत भाजले, एकात एक बसवून चुन्याने सांधले. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात खडकी, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, नहर-ए-अंबरी आणली; ती शतकानुशतके वाहिली. या नहरींचे पाणी महालाबरोबर हौदांतही येई, आणि हौद बाजारात असत. कुंभारी हे आमच्या गावाचे नाव घेताना मला त्या नळांची आठवण होते. तोफ ओतणाऱ्याचे नाव तोफेवर आहे. नळ भाजणाऱ्याचे नाव कुठेच नाही, पण शहर जगले ते त्याच्या मातीवर.

१९/ सोलापूरच्या किल्ल्याचेही तसेच. एका अंगाला सिद्धेश्वर तलाव, उरलेल्या बाजूंना खंदक. तलाव मात्र किल्ल्याहून जुना. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी तो लोकांच्या श्रमातून खोदवला, ही इथली दृढ परंपरा आहे. म्हणजे आधी पाणी, मग तट. संताने सर्वांसाठी केलेल्या पाण्याच्या आधाराने पुढे राजांनी आपला किल्ला उभारला. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत तलावाकाठी उभे राहून तटाकडे पाहिले की हा क्रम ध्यानात येतो. कन्नड वचने रचणारा संत, फार्सी शिलालेख लिहवणारे सुलतान आणि मराठी, तेलुगू, कन्नड, दख्खनी बोलणारे यात्रेकरू हे सारे त्या एका पाण्याच्या काठावर येतात.

२०/ आणि आता कुंभारी. २००६ मध्ये इथे विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. गोदूताई परुळेकरांच्या नावाची ही वसाहत, आणि आम्ही तिथलेच. नंतर शेजारी रे नगर आले : आराखडा तीस हजार घरांचा, त्यातील पहिल्या पंधरा हजार घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी झाले. आमच्या पहिल्या वसाहतीत घरेच दहा हजार. व्हॅलेटात आज माणसेही तेवढी राहत नाहीत. सरळ रस्ते, काटकोनातील गल्ल्या, एकसारखी घरे. आराखडा पाहिला तर लापारेल्लीला परका वाटू नये. तट नाही. तो आता लागतही नाही.

२१/ पण तटाच्या जागी जे लागते ते बदललेले नाही. माल्टात वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या जिल्ह्याची सरासरीही त्याच पंगतीतली. आज माल्टाचे निम्म्याहून अधिक पिण्याचे पाणी समुद्राच्या पाण्यातील क्षार काढून मिळते. आम्हाला समुद्र नाही. छप्पर मात्र आहे, हजारो घरांची हजारो छपरे. १५६६ मध्ये एका वेढ्यातून नुकत्याच वाचलेल्या नगराला जो नियम सुचला, घर तिथे टाके, तो कुंभारीत लागू करायला कोणत्याही सुलतानाची गरज नाही. गेल्या पावसाळ्यात आम्ही आमच्या गच्चीचा पन्हळ एका पिंपात सोडला. अम्माने त्याला झाकण करून घेतले आणि पिंप किती दिवस पुरते हे कॅलेंडरवर लिहून ठेवले. सलग नऊ दिवस धुण्याभांड्याचे पाणी त्यातून निघाले.

२२/ किल्ले पाहायला जाणाऱ्यांना म्हणून एक विनंती. दरवाजा, बुरुज, तोफा पाहाच. त्या तोफांच्या रूपाने अहमदनगर आणि इस्तंबूल एकाच जगात होते हे कळते. पण आत शिरल्यावर आधी विहीर शोधा. ती किल्लेदाराच्या वाड्याजवळ आहे की शिबंदीच्या वस्तीजवळ, पाणी दुरून आणले असेल तर ते कुठल्या गावचे, आणि पेठेला त्यातले काय मिळत होते, हे विचारा. त्या राज्यात कोणाचा जीव किती मोलाचा मानला जात होता, ते तिथे दिसते. तुमच्या भागातील भुईकोटात, गढीत किंवा गावकुसाच्या आत पाणी कुठून येत होते, ते खाली लिहा. औसा, उदगीर, कंधार, धारूर इथल्या मंडळींनी तर जरूर. अम्माला मी वाचून दाखवणार आहे.